कोड एडिटर : मजकूर संपादनाची मूलभूत कार्ये

संगणकाची आज्ञावली ज्या साधनात लिहिली, वाचली आणि दुरुस्त केली जाते, त्या साधनास कोड एडिटर म्हणतात. मराठीत ‘एडिटर’ला ‘संपादक’ हा रूढ प्रतिशब्द आहे. परंतु वृत्तपत्राचा संपादक आणि हा यांत्रिक संपादक यांचे धर्म परस्परविरुद्ध आहेत. वृत्तपत्राचा संपादक मजकुराचा अर्थ लावतो, पाल्हाळ छाटतो, शुद्धलेखन सुधारतो, आणि त्यासाठी प्रत्येक वेळी लेखकाची परवानगी मागत नाही. कोड एडिटरने मात्र सांगितले तेवढेच करावे, सांगितलेल्या जागीच करावे आणि इतरत्र एका अनुस्वारालाही हात लावू नये, अशी अपेक्षा असते. त्याने राखलेला मजकूर शेवटी यंत्राला वाचायचा असतो, आणि यंत्र माणसाप्रमाणे संदर्भावरून चूक समजून घेत नाही.

पत्रे आणि अहवाल लिहिण्यासाठी वापरले जाणारे वर्ड प्रोसेसर या कामास अयोग्य ठरतात, ते याच कारणाने. वर्ड प्रोसेसर सरळ अवतरणचिन्हांची वळणदार चिन्हे करतो, दोन आडव्या रेघा जोडून एक लांब रेघ करतो, इंग्रजी वाक्याच्या आरंभीचे अक्षर आपणहून मोठे करतो. पत्रात हे सौजन्य वाटते. आज्ञावलीत ती मोडतोड ठरते. कोडची फाइल ही केवळ चिन्हांची एकापुढे एक मांडलेली रांग असते. तिच्यात ठळक अक्षर नसते, टंकाचा आकार नसतो, रंगही नसतो. एडिटरमध्ये दिसणारे निळे-हिरवे शब्द ही वाचकाच्या सोयीसाठी पडद्यावर केलेली रंगत असते; फाइलमध्ये तिचा मागमूस नसतो.

गोव्यातील शाळांतून आता कोडिंग शिकवले जाऊ लागले आहे, आणि मराठीतील नावे, पत्ते व संज्ञा हाताळणाऱ्या आज्ञावल्याही वाढत आहेत. अशा वेळी एडिटरची मूलभूत कार्ये काय आहेत, ती कशी चालतात आणि देवनागरी मजकुरावर ती कोठे अडखळतात, हे नीट समजून घेणे उपयुक्त ठरेल.

कागदी फितीपासून पडद्यापर्यंत

आरंभीच्या काळात आज्ञावल्या छिद्रित कार्डांवर किंवा कागदी फितीवर साठवल्या जात. एक चूक दुरुस्त करायची तर फितीची नवी प्रत काढावी लागे. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी, अर्थात एमआयटी, या संस्थेत डॅन मर्फी यांनी १९६२ साली पीडीपी-१ या यंत्रासाठी ‘टेको’ हा एडिटर रचला. त्याच्या मूळ नावाचा अर्थच ‘फीत संपादक व शुद्धक’ असा होता. साठच्या दशकाच्या मध्यास कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील शाखेत बटलर लॅम्पसन आणि पीटर डॉइच यांनी ‘क्यूईडी’ तयार केला. केन थॉम्पसन यांनी त्याची नवी आवृत्ती लिहिताना त्यात नमुन्यांवरून शोध घेण्याची सोय घातली. त्यामागील पद्धतीवरचा त्यांचा शोधनिबंध १९६८ साली प्रसिद्ध झाला. पुढे १९६९ साली बेल प्रयोगशाळेत युनिक्स प्रणालीची पायाभरणी करताना थॉम्पसन यांनीच ‘ईडी’ हा एडिटर लिहिला.

‘ईडी’ हा ओळनिहाय एडिटर होता. समोर पडदा नसे, कागदावर छापणारे टेलिटाइप यंत्र असे. म्हणून एखादी ओळ पाहायची असल्यास ती छापण्याची आज्ञा द्यावी लागे. आज्ञा चुकली तर ‘ईडी’ केवळ एक प्रश्नचिन्ह छापून गप्प बसे. ही मितभाषिता तेव्हाच्या यंत्रांना साजेशी होती, कारण छापल्या जाणाऱ्या प्रत्येक अक्षराला वेळ लागे.

पडद्याचे टर्मिनल आल्यावर संपादनाची रीत बदलली. बिल जॉय यांनी १९७६ च्या सुमारास बर्कली येथे ‘व्हीआय’ रचला. दूरध्वनीच्या तारेवरून सेकंदाला जेमतेम तीस अक्षरे जाण्याच्या त्या काळात आज्ञा एका-दोन अक्षरांत आटोपणे गरजेचे होते. त्यांच्या एडीएम-३ए या टर्मिनलवर एच, जे, के, एल या कळांवरच बाणांची चिन्हे कोरलेली होती. त्यामुळे त्या चार अक्षरांनी कर्सर हलवण्याची प्रथा पडली आणि ती आजतागायत टिकून आहे. त्याच वर्षी एमआयटीच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेत रिचर्ड स्टॉलमन, गाय स्टील आदींच्या हातून टेकोवर आधारलेला ‘ईमॅक्स’ उभा राहिला. व्हीआयचा वारसा घेऊन ब्रॅम मूलेनार यांनी १९९१ साली ‘व्हिम’ प्रसिद्ध केला. पुढे २००३ मध्ये ‘नोटपॅड प्लस प्लस’, २००८ मध्ये ‘सब्लाइम टेक्स्ट’ आणि २०१५ मध्ये मायक्रोसॉफ्टचा ‘व्हिज्युअल स्टुडिओ कोड’ आला. साधने बदलली, तरी त्यांच्या तळाशी असलेली मूलभूत कार्ये मोजकीच राहिली : हलणे, घालणे, पुसणे, निवडणे, नक्कल करणे, शोधणे, बदलणे, पूर्ववत करणे आणि जतन करणे.

कर्सर आणि हालचाल

मजकुरातील ज्या जागी पुढची कृती होणार आहे ती जागा कर्सर दाखवतो. सामान्य लेखनात कर्सर बहुधा शेवटी असतो, कारण लेखक पुढे लिहीत जातो. आज्ञावली लिहिणाऱ्याचा बराचसा वेळ मात्र आधीचे लिहिलेले वाचण्यात आणि त्यात किरकोळ बदल करण्यात जातो. म्हणून कोड एडिटरमध्ये हालचालीच्या अनेक सोयी असतात : एका चिन्हाने, एका शब्दाने, ओळीच्या आरंभी वा अखेरीस, फाइलच्या टोकाला, किंवा थेट विशिष्ट क्रमांकाच्या ओळीवर जाता येते. आज्ञावलीतील दोष सांगणारा संदेश बहुधा ओळीचा क्रमांक देतो. ‘ओळ ४१२’ असे कळल्यावर तेथे एका आज्ञेने पोहोचता आले पाहिजे.

उघडणाऱ्या कंसावरून त्याच्या जोडीच्या मिटणाऱ्या कंसावर जाण्याची सोय विशेष महत्त्वाची आहे. आज्ञावलीत कंसांत कंस गुंफलेले असतात आणि एकही कंस उणा-अधिक झाला तर पुढील सर्व रचना कोलमडते.

हालचाल आणि लेखन यांच्या संबंधाविषयी दोन विचारपंथ आहेत. व्हीआयच्या परंपरेत दोन अवस्था मानल्या जातात. लेखनाच्या अवस्थेत कळ दाबली की अक्षर उमटते. आज्ञेच्या अवस्थेत तीच कळ कृती करते. ‘डी’ म्हणजे पुसणे आणि ‘डब्ल्यू’ म्हणजे शब्द, म्हणून दोन्ही लागोपाठ दाबल्यास एक शब्द पुसला जातो. क्रियापद आणि कर्म जोडून वाक्य करावे तशी ही रचना आहे; थोड्या आज्ञांच्या मिश्रणातून पुष्कळ कृती साधतात. दुसऱ्या पंथाचे म्हणणे असे, की एकाच कळीचा अर्थ अवस्थेनुसार पालटणे हे गोंधळाचे मूळ आहे. झेरॉक्स कंपनीच्या पालो अल्टो संशोधन केंद्रातील लॅरी टेस्लर हे या दुसऱ्या पंथाचे कट्टर पुरस्कर्ते होते. त्यांच्या मोटारीच्या क्रमांकपट्टीवरही ‘अवस्था नकोत’ अशा अर्थाची इंग्रजी अक्षरे होती. आजचे बहुतेक एडिटर टेस्लर यांच्या बाजूचे आहेत. परंतु त्यांतील अनेकांत व्हीआयची पद्धत जोडून घेण्याची सोयही आवर्जून ठेवलेली असते.

निवडणे, कापणे, चिकटवणे

टेस्लर आणि टिम मॉट यांनी सत्तरच्या दशकाच्या मध्यास ‘जिप्सी’ हा एडिटर गिन अँड कंपनी या प्रकाशनसंस्थेच्या संपादकांसाठी रचला. आज सर्वपरिचित असलेली कापणे, नक्कल करणे व चिकटवणे ही पद्धत त्यातून रूढ झाली. कल्पना कागदाच्या व्यवहारातूनच आली होती. मजकुराच्या पट्ट्या कात्रीने कापून, डिंकाने दुसऱ्या जागी चिकटवून पान जुळवण्याची ही रीत मराठी वृत्तपत्रांच्या पेस्टिंग विभागात काम केलेल्यांना सांगावी लागणार नाही. ॲपलच्या लिसा (१९८३) आणि मॅकिंटॉश (१९८४) या संगणकांनी या कृतींना झेड, एक्स, सी, व्ही या कळपाटीवरील शेजारच्या चार कळा बहाल केल्या, आणि त्या जगभर पसरल्या.

जुन्या एडिटरांची परिभाषा मात्र वेगळी आहे आणि नवशिक्याला चकवणारी आहे. ईमॅक्समध्ये कापण्याला ‘किल’ आणि चिकटवण्याला ‘यँक’ म्हणतात. व्हिममध्ये नेमके ‘यँक’ म्हणजे नक्कल करणे. ईमॅक्स आधी कापलेल्या मजकुरांची साखळी जपून ठेवतो, तर व्हिममध्ये अक्षरांची नावे असलेले अनेक कप्पे असतात आणि प्रत्येकात वेगळा तुकडा ठेवता येतो.

कोड एडिटरमध्ये निवडीचे आणखी दोन प्रकार आढळतात. पहिला स्तंभनिवडीचा : एकाखाली एक असलेल्या ओळींतील ठरावीक स्तंभ उभा निवडता येतो. दुसरा अनेक कर्सरांचा : दहा ठिकाणी कर्सर ठेवून एकदाच टंकले की दहाही ठिकाणी तोच बदल होतो. सब्लाइम टेक्स्टने ही दुसरी सोय लोकप्रिय केली.

नक्कल करणे जितके सोपे, तितकी तिच्यातून येणारी चूकही सोपी. २०१४ च्या फेब्रुवारीत ॲपलच्या उपकरणांतील सुरक्षित जोडणीच्या आज्ञावलीत एक गंभीर दोष उघडकीस आला. मध्येच बाहेर पडण्यास सांगणारी एक ओळ लागोपाठ दोनदा लिहिली गेली होती. पहिली ओळ तिच्या वरील अटीला बांधलेली होती. दुसरी कोणत्याच अटीला बांधलेली नव्हती. परिणामी पुढची पडताळणी दर वेळी टळत असे आणि बनावट सर्व्हर खरा म्हणून स्वीकारला जाण्याची वाट मोकळी झाली. दोन्ही ओळींपुढील मोकळी जागा सारखीच असल्याने वाचणाऱ्यास दोन्ही अटीखालीच असल्याचा भास होत होता.

शोध आणि बदल

शोध ही एडिटरची सर्वांत सामर्थ्यवान सोय आहे, आणि सरसकट बदल ही सर्वांत धोक्याची. शोधाचे दोन स्तर आहेत. पहिल्यात दिलेली अक्षरे जशीच्या तशी शोधली जातात. दुसऱ्यात नमुना दिला जातो : ‘ओळीच्या आरंभी कितीही मोकळ्या जागा आणि त्यांनंतर चार अंक’ असे वर्णन काही चिन्हांत लिहायचे, आणि त्यात बसणारा प्रत्येक तुकडा एडिटर हुडकून देतो. या चिन्हभाषेला रेग्युलर एक्स्प्रेशन, संक्षेपाने रेगेक्स, म्हणतात. तिच्यात टिंब म्हणजे कोणतेही एक चिन्ह आणि तारा म्हणजे आधीच्या घटकाची कितीही वेळा पुनरावृत्ती. युनिक्समधील ‘ग्रेप’ या प्रसिद्ध शोधसाधनाचे नावही ‘ईडी’मधील एका आज्ञेवरूनच आले : सर्वत्र शोधा, हा नमुना, आणि छापा.

सरसकट बदलाचा धोका मराठी उदाहरणाने चटकन ध्यानात येतो. एका फाइलमध्ये ‘दर’ या शब्दाऐवजी सर्वत्र ‘भाव’ हा शब्द घालायचा आहे, असे समजू. एडिटरला शब्द कळत नाही. त्याला ‘द’ नंतर ‘र’ एवढेच कळते. म्हणून ‘आदर’चा ‘आभाव’ होतो, ‘सुंदर’चा ‘सुंभाव’ होतो, ‘दरी’ची ‘भावी’ होते आणि ‘दर्जा’चा ‘भाव्जा’ होतो. शेवटच्या दोन उदाहरणांत तर ‘र’चा दीर्घ इकार आणि हलन्त नव्या शब्दातील ‘व’ला जाऊन चिकटले.

यावर ‘केवळ पूर्ण शब्द शोधा’ असा पर्याय एडिटर देतात. इंग्रजीत तो पुष्कळसा पुरतो. मराठीत मात्र शब्दाला विभक्तिप्रत्यय जोडून येतात. पूर्ण शब्दाचा आग्रह धरल्यास ‘दराने’, ‘दरात’, ‘दराचा’ ही रूपे सुटून जातात; न धरल्यास ‘आदर’ बिघडतो. तेव्हा सर्वत्र बदल करण्याऐवजी प्रत्येक जागा दाखवून होकार मागणारा पर्याय वापरणे, हाच मराठी मजकुरासाठी सुरक्षित मार्ग होय.

आज्ञावलीतील नावे बदलायची असतील तर आधुनिक एडिटरांत ‘रीनेम’ ही निराळी सोय असते. ती अक्षरे जुळवत नाही. त्या भाषेचे व्याकरण समजणाऱ्या स्वतंत्र साधनाला विचारून, तेच नाव त्याच अर्थाने जेथे वापरले आहे तेथेच बदल करते. दोन विभागांत एकाच नावाच्या दोन वेगळ्या राशी असतील, तर शोध-बदल दोन्ही बदलेल. ‘रीनेम’ एकच बदलेल.

पूर्ववत करणे

केलेली कृती मागे घेण्याची सोय नसती, तर वर वर्णिलेल्या प्रत्येक कृतीपूर्वी हात थरथरला असता. एडिटर प्रत्येक बदलाची नोंद क्रमाने ठेवतो. कंट्रोल-झेड दाबले की शेवटची नोंद उलटी चालवतो. प्रत्येक अक्षराची वेगळी नोंद गैरसोयीची ठरेल, म्हणून सलग टंकलेल्या अक्षरांचा एक गट मानला जातो. सरसकट बदलात दोनशे जागा बदलल्या असल्या तरी ती एकच कृती धरली जाते आणि एकदाच मागे घेता येते.

येथे एक बारकावा आहे. पाच पावले मागे जाऊन नवे काही टंकले, तर मागे घेतलेली ती पाच पावले बहुतेक एडिटर विसरून जातात. व्हिमने २००६ च्या सातव्या आवृत्तीपासून अशा फाट्यांचा वृक्षच जपून ठेवला. त्यामुळे सोडून दिलेल्या फांदीवरही परत जाता येते. ईमॅक्स मागे घेण्याच्या कृतीचीही नोंद ठेवतो, म्हणजे मागे घेणेही मागे घेता येते.

फाइल बंद केल्यावर हा इतिहास सामान्यतः नाहीसा होतो. दिवसांचा आणि महिन्यांचा इतिहास जपणे हे एडिटरचे काम नसून गिटसारख्या आवृत्ती-नोंद प्रणालीचे आहे. लिनस टोरवाल्ड्स यांनी गिट २००५ साली सुरू केले.

मोकळ्या जागेचे मोल

छापील पानावर मोकळी जागा शोभेची असते. आज्ञावलीत ती अर्थवाहक असू शकते. पायथन या भाषेत कोणती ओळ कोणत्या अटीखाली येते, हे ओळीच्या आरंभीच्या मोकळ्या जागेवरूनच ठरते. ही जागा टॅबच्या एका चिन्हाने सोडता येते किंवा अनेक स्पेस देऊन. पडद्यावर दोन्ही सारखी दिसू शकतात, कारण टॅबची रुंदी किती दाखवायची हे प्रत्येक एडिटर स्वतः ठरवतो : कोठे चार, कोठे आठ. पायथन-३ अशी विसंगत सरमिसळ आढळल्यास आज्ञावली चालवण्यास नकार देतो. त्या भाषेचा शैलीसंकेत चार स्पेस सुचवतो.

याच्या उलट नियम ‘मेक’ या साधनाचा आहे. स्टुअर्ट फेल्डमन यांनी ते १९७६ साली बेल प्रयोगशाळेत रचले, आणि त्याच्या मूळ नियमानुसार आज्ञेच्या ओळीचा आरंभ टॅबनेच व्हावा लागतो. ही अट अडचणीची आहे हे कर्त्याला लवकरच उमगले होते. पण तोवर डझनभर सहकारी ते वापरू लागले होते आणि त्यांची कामे मोडू नयेत म्हणून अट तशीच राहिली. त्यामुळे ‘टॅब दाबल्यास स्पेस घाला’ ही एडिटरमधील सोय पायथनला उपकारक आणि ‘मेक’ला घातक ठरते. चांगला एडिटर फाइलच्या प्रकारानुसार ही वर्तणूक बदलतो.

ओळीच्या अखेरीचेही असेच आहे. टेलिटाइपवर नव्या ओळीसाठी दोन हालचाली लागत : छापणारे तोंड डावीकडे आणणे आणि कागद एक ओळ वर सरकवणे. विंडोजने या दोन्हींची दोन चिन्हे जपली; युनिक्सच्या वंशातील प्रणाली कागद सरकवण्याचे एकच चिन्ह वापरतात. विंडोजमधील साध्या नोटपॅडला केवळ दोन चिन्हांची रीत समजत असे. युनिक्सवर लिहिलेली फाइल तेथे उघडली की सारा मजकूर एकाच लांब ओळीत दिसे. २०१८ साली मायक्रोसॉफ्टने ही उणीव दूर केली.

देवनागरीची परीक्षा

या सर्व कार्यांची रचना इंग्रजी अक्षरांच्या आधाराने झाली. तेथे एक अक्षर म्हणजे एक चिन्ह, एक स्तंभ आणि बहुधा एक बाइट. देवनागरीत हे समीकरण टिकत नाही. ‘गोवा’ या शब्दात डोळ्यांना दोन अक्षरे दिसतात. यूनिकोडनुसार ती चार चिन्हे असतात (ग, ओकार, व, आकार), आणि यूटीएफ-८ या साठवणपद्धतीत बारा बाइट. ‘क्षेत्र’ या दोन अक्षरी शब्दात सात चिन्हे आणि एकवीस बाइट असतात. यूटीएफ-८ ची रचनाही केन थॉम्पसन यांनी रॉब पाइक यांच्यासह १९९२ साली केली.

मग कर्सर एक पाऊल पुढे गेला म्हणजे नेमका किती गेला? वाचकाच्या दृष्टीने तो एक अक्षर पुढे जावा. यूनिकोडने अक्षरगटाच्या सीमा ठरवणारे नियम केले आहेत. परंतु त्यांतही ‘क्ष’सारखे जोडाक्षर एकसंध मानण्याचा नियम देवनागरीसाठी २०२३ सालच्या आवृत्तीत आला. पुसण्याबाबत अनेक एडिटरांत एक दुहेरी संकेत आढळतो. डिलीट कळ पुढचे संपूर्ण अक्षर पुसते, तर बॅकस्पेस शेवटचे एकच चिन्ह पुसते. ‘की’तील वेलांटी चुकली तर ‘क’ न गमावता ती सुधारता यावी, हा त्यामागील हेतू. नवख्याला हे विसंगत वाटते. सवय झाल्यावर ते सोयीचे ठरते.

स्तंभनिवड देवनागरीत बहुधा फसते. कोडसाठी वापरल्या जाणाऱ्या टंकात प्रत्येक इंग्रजी अक्षराची रुंदी समान असते. ‘ण’ आणि ‘र’ त्या मापात बसत नाहीत, आणि उभे स्तंभ वाकडे होतात.

सर्वांत गंभीर प्रश्न शोधाचा आहे, कारण तेथे चूक दिसत नाही. ‘कऱ्हाड’ हे गावाचे नाव घ्या. त्यातील ‘ऱ्ह’ तीन रीतींनी साठवता येतो : पायमोड ‘ऱ’ या स्वतंत्र चिन्हाने, साधा ‘र’ आणि त्याखाली नुक्ता या दोन चिन्हांनी, किंवा ‘र’, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह यांनी. तिन्ही पडद्यावर एकसारखी दिसतात. एका रीतीने टंकलेले नाव दुसऱ्या रीतीने टंकलेल्या यादीत शोधले तर एडिटर निर्विकारपणे ‘आढळले नाही’ असे सांगतो. यूनिकोडमध्ये रूपे एकसारखी करण्याची प्रमाण प्रक्रिया आहे. ती पहिली दोन रूपे एक करते, तिसऱ्याला स्पर्श करत नाही. ‘ॲप’मधील ‘ॲ’चेही तसेच : स्वतंत्र चिन्ह म्हणून तो २००८ साली यूनिकोडमध्ये आला, त्याआधीचा मजकूर ‘अ’वर चंद्र देऊन लिहिलेला आहे, आणि प्रमाण प्रक्रिया ही दोन रूपे एक मानत नाही. ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ यांत मराठी माणूस गुरू आणि स्वयंपाकी असा स्पष्ट भेद करतो. तो भेद मजकुरात टिकणे याच चिन्हांवर अवलंबून आहे.

रेगेक्समध्येही सावधगिरी हवी. शब्दातील अक्षर दर्शवणारी संक्षिप्त खूण जावास्क्रिप्टमध्ये केवळ इंग्रजी अक्षरे, अंक आणि अधोरेषा ओळखते. पायथनच्या प्रमाण संग्रहात ती देवनागरी व्यंजने ओळखते, पण मात्रा आणि हलन्त ओळखत नाही. ‘नमस्ते’चे ‘नमस’ आणि ‘त’ असे दोन तुकडे पडतात. मतदारयादी, सातबारा वा विद्यार्थ्यांची गुणपत्रिका हाताळणाऱ्या आज्ञावलीत अशी चूक शिरली, तर एखाद्याचे नाव यादीत असूनही ‘नाही’ ठरते, आणि त्या माणसाला त्याचे कारण कोणी सांगू शकत नाही.

जतन आणि अदृश्य चिन्हे

जतन करताना एडिटर मजकुराचे बाइटमध्ये रूपांतर करतो. ते कोणत्या पद्धतीने करायचे याची निवड चुकली तर मराठी मजकुराच्या जागी विचित्र रोमन अक्षरांची गर्दी दिसू लागते. यूटीएफ-८ मधील फाइल जुन्या पाश्चात्त्य पद्धतीने उघडली म्हणजे हे घडते. अशा वेळी ती फाइल तशीच जतन करू नये; बंद करून योग्य पद्धतीने पुन्हा उघडावी. यूनिकोडपूर्व काळातील मराठी फाइलींचे दुखणे निराळे आहे. श्रीलिपीसारख्या टंकांत रोमन संकेतांच्या जागी देवनागरी आकार बसवलेले असत. तो मजकूर कोड एडिटरमध्ये मुळातच रोमन दिसतो आणि तो रूपांतरक वापरूनच यूनिकोडमध्ये आणावा लागतो.

वेबपानावरून नक्कल करून आणलेल्या कोडमध्ये न तुटणारी स्पेस किंवा शून्य रुंदीची स्पेस दडलेली असू शकते. ओळ निर्दोष दिसते आणि तरी चालत नाही. याहून कावेबाज प्रकार केंब्रिज विद्यापीठाच्या निकोलस बाउचर व रॉस अँडरसन यांनी २०२१ साली दाखवून दिला. अरबी व हिब्रू या उजवीकडून लिहिल्या जाणाऱ्या लिप्यांसाठी असलेली दिशादर्शक अदृश्य चिन्हे पेरून, माणसाला एक आणि यंत्राला दुसरीच आज्ञावली दिसेल अशी रचना करता येते. त्यानंतर व्हिज्युअल स्टुडिओ कोडसह अनेक साधनांनी अशी चिन्हे ठळकपणे दाखवण्यास आरंभ केला.

अचानक वीज गेली तर काय, याचीही तजवीज असते. व्हिम न जतन केलेले बदल एका वेगळ्या स्वॅप फाइलमध्ये नोंदवत राहतो. इतर एडिटरांत ठरावीक काळाने आपोआप जतन होण्याची सोय असते. पावसाळ्यात दिवसातून चारदा वीज जाणाऱ्या गावांत ती चालू ठेवणे शहाणपणाचे.

मराठी मजकुरासह कोड लिहिणाऱ्यांसाठी

वरील विवेचनातून काही व्यावहारिक नियम निघतात. एडिटर यूटीएफ-८ वर स्थिर ठेवावा आणि अदृश्य चिन्हे दाखवण्याचा पर्याय चालू करावा. गटाने काम करत असल्यास टॅब की स्पेस, आणि ओळीची अखेर कोणती, हे आरंभीच ठरवून प्रकल्पाच्या मांडणीत नोंदवावे. सरसकट बदल करण्यापूर्वी किती जागा बदलणार ते पाहावे व शंका असल्यास एकेक जागा तपासावी. नावांच्या याद्या हाताळताना ‘ऱ’ आणि ‘ॲ’ यांची सर्व रूपे आधी एकसारखी करून घ्यावीत. यूनिकोडच्या प्रमाण प्रक्रियेतून न सुटणाऱ्या रूपांसाठी वेगळा नियम लिहावा. एखादे नाव शोधून मिळाले नाही, तर ते नाही असा निष्कर्ष काढण्यापूर्वी ते मूळ यादीतूनच नक्कल करून पुन्हा शोधावे. दोन उत्तरे वेगळी आली, तर दोष यादीत वा माणसात नसून चिन्हांच्या साठवणीत आहे असे समजावे.